सातवा ठोका

आमच्या घरात टेपरेकॉर्डर एक आणि खोल्या दोन, त्यामुळे दादाचं वेड मला विचारून आलं नाही. तो ऐकायचा म्हणजे आम्ही सगळेच ऐकायचो. आई भाकरी थापताना, आबा दाढी करताना, मी दहावीची भूमिती घोकताना. इंदापुरात आमच्या वस्तीत रविवारी सकाळी घराघरातून भीमगीतं यायची आणि आमच्या घरातून पाच अमेरिकन माणसं एकमेकांच्या जिवावर उठल्यासारखा आवाज. शेजारच्या साखरबाईंनी एकदा आईला दारातूनच विचारलं, "भागुबाई, मिक्सर घेतला व्हय गं नवा?"

दादाचं नाव सुमित. चौऱ्याण्णव साली तो पुण्याला मावसभावाच्या हॉस्टेलवर चार दिवस राहून आला आणि येताना ही कॅसेट घेऊन आला. कोऱ्या कॅसेटवर भरून घेतलेली. वर निळ्या शाईत नुसतं बँडचं नाव. दादा सांगायचा, ह्याला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात, आणि जगात हे ऐकणारे लोक ह्या अल्बमला देवासारखं मानतात. आमच्यात देव मानत नाहीत, असं आबांनी त्याला सांगून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

मावसभाऊ पुढे नोकरीसाठी बंगलोरला गेला तो गेलाच. इंदापुरात हे ऐकणारा दुसरा माणूस नव्हता. दादा एकटाच त्या कॅसेटला डिक्शनरी घेऊन भिडला. तिसऱ्या गाण्यात धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावाची गोष्ट आहे हे त्यानं शोधून काढलं तेव्हा तो धावत आबांकडे गेला. आबांचं गाव उजनीत बुडालेलं. आबा शांतपणे ऐकून म्हणाले, "मंग एवढं आरडायचं काय त्येच्यात? आमी तर गुमान गाठुडं बांधून निघालो."

पण दादाचा जीव होता तो चौथ्या गाण्यात. मध्येच बाकी सगळी वाद्यं थांबतात आणि नुसते ड्रम आणि गिटार उरतात. आपल्याकडची वरातीतली गाणी चारात चालतात, हे सातात चालायचं. दादा बेंजो पार्टीत ड्रम वाजवायचा, म्हणून त्याला ते चटकन कळलं. मला त्यानं गुडघ्यावर चापट्या मारून शिकवलं. सात ठोक्यांची एक फेरी, अशा चार फेऱ्या. तीन फेऱ्या सरळ जातात, आणि चौथीत सहा ठोके झाले की सातवा येतच नाही. गाणं थेट पुढच्या वळणावर. जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसं व्हायचं.

"गिळला बघ!" दादा दर वेळी ओरडायचा. "समद्या जगाला सात मोजाय लावलं आनि ऐन वक्ताला एक गिळला. ह्याला काळीज लागतं, करुणा."

हे त्यानं एका वरातीत वाजवून पाहिलं. नाचणारी माणसं एकमेकांवर आदळली, नवरदेवाचा मामा तोंडावर आपटला, आणि पार्टीच्या मालकानं पुढच्या सुपारीला दादाला बोलावलंच नाही. दादाला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. "मामा बरोब्बर चौथ्या फेरीला पडला," म्हणून तो महिनाभर सांगत फिरला. मला त्या दिवसांत तो फार आवडायचा. आजही दादा म्हटलं की मला तोच आठवतो, चापट्या मारून लाल झालेल्या मांडीवरून हात फिरवणारा.

आयटीआय झाल्यावर तो लोणी देवकरला एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर लागला. तिथं त्याला बिरदेव भेटला. जवळच्याच वाडीवरचा धनगराचा पोर, गजी ढोल वाजवणारा. दादानं त्याला घरी आणून चौथं गाणं ऐकवलं. बिरदेव उंबऱ्यावर उकिडवा बसून ऐकत होता. गाणं संपलं तसा म्हणाला, "शेवटाला एक खाल्ला त्येंनी. व्हय ना?"

दादानं त्याला उचलूनच घेतला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी न शिकवता ओळखलं होतं. त्या दिवसापासून ती कॅसेट दोघांची झाली. आई म्हणायची, एक वेडा होता तो बरा होता, आता जोडी जमली.

आता प्रेसचं सांगते. हे दादाकडून आणि बिरदेवकडून इतक्यांदा ऐकलंय की मीच तिथं उभी होते असं वाटतं. पत्रा मोठा, म्हणून एका मशीनवर दोघं. दादानं पत्रा आत सरकवायचा, नीट बसवायचा, हात काढून घ्यायचे. बिरदेवनं पायानं पॅडल दाबायचं, की वरचा भार धाडकन खाली. पुढे जाळी असायला हवी होती. जाळीनं काम मंदावतं म्हणून ती केव्हाची काढून भिंतीला टेकवून ठेवलेली. शेडमध्ये एवढा गोंगाट की कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही, त्यामुळे बाकीचे कामगार एकमेकांकडे बघून मान हलवायचे आणि मग पॅडल दाबायचे. ह्या दोन शहाण्यांनी मान हलवणं सोडून दिलं. त्यांनी काम गाण्यावर बसवलं.

दोघांच्याही डोक्यात तेच गाणं, एकाच वेगात. पत्रा आत, पत्रा नीट, हात बाहेर, आणि सातव्या ठोक्याला पॅडल. तीन फेऱ्या अशा. आणि चौथ्या फेरीला सहाव्यालाच. सहाव्याला! कारण गाण्यात तसं होतं. साहेब खूश, कारण सगळ्यात जास्त माल ह्यांच्या मशीनवर निघायचा, आणि कसा निघतो हे त्यानं कधी विचारलं नाही. मला तेव्हा कळलं असतं तर मी दोघांनाही चपलेनं मारलं असतं. पण दादा घरी येऊन सांगायचा ते हसून सांगायचा, आणि आम्हीही हसायचो.

सत्त्याण्णवला, धम्मचक्र दिनाच्या आधी, कामाची घाई चालू होती. चौथ्या फेरीत पत्र्याची धार दादाच्या हातमोज्यात अडकली. त्यानं हात ओढला, पण सहावा ठोका आला होता. बिरदेवनं पॅडल दाबलं. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

दवाखान्यात दादा शुद्धीवर आला तेव्हा बाहेर लोकांनी बिरदेवला घेरलं होतं. कुणी म्हणत होतं प्यालेला होता, कुणी म्हणत होतं मुद्दामच. बिरदेव एकच घोकत होता, "म्या बरोबर दाबलं. तितं ठोका न्हाय. सुमितला इचारा, तितं ठोका न्हाय." लोकांना वाटलं पोराचं डोकं फिरलं. दादानं मला जवळ बोलावून सांगितलं, "भायेर जाऊन सांग, बिरदेवचा काय बी दोष न्हाय. गान्यात सातवा ठोका न्हायच. ताल म्याच पाळला न्हाय." साहेबांना तेच हवं होतं. कामगाराचाच निष्काळजीपणा म्हणून मोकळे झाले.

"एक ठोका मिळाला असता तर हात भायेर होता गं," दादा मला नंतर एकदा म्हणाला. तक्रार म्हणून नव्हे. आज भाजीत मीठ कमी आहे, अशा सुरात.

त्यानंतरचं एक वर्ष मला आठवायला नको वाटतं. काठी धरता येईना म्हणून ड्रम गेला. काम गेलं. पण त्याहून वाईट गोष्ट अशी की अल्बमवरचं त्याचं प्रेम गेलं नाही. गेलं असतं तर बरं झालं असतं, रागानं कॅसेट उकिरड्यावर फेकली असती तर आम्ही पेढे वाटले असते. तो रोज ऐकायचा, आणि ऐकताना खाली मान घालून बसायचा, बापानं घराबाहेर काढलेलं पोर उंबऱ्याशी बसावं तसा. "त्येंनी एवढं करून ठिवलंय," तो म्हणायचा, "आनि मला येक ठोका सांभाळता आला न्हाय. नालायक मानूस." आईनं एकदा टेपची वायर लपवली. तो जेवायचाच थांबला, म्हणून तिनं ती परत आणून दिली. एकदा सकाळी घराबाहेर पडला तो परतलाच नाही. दिवस मावळताना आबांना तो उजनीच्या पाण्याच्या कडेला बसलेला सापडला. आबा त्याच्या शेजारी बसून राहिले आणि अंधार पडल्यावर दोघं चालत घरी आले. काय बोलले ते आबांनी आम्हाला सांगितलं नाही. पण त्या रात्रीपासून आबांनी आपली खाट दाराला आडवी टाकली.

बिरदेवनंही काम सोडलं. तो बापाबरोबर मेंढरांमागं जायला लागला आणि ढोलाला त्यानं हात लावला नाही. पण इंदापूरच्या आसपास असला की रविवारी दुपारी सायकल मारत यायचा. उंबऱ्यावर बसायचा, इकडतिकडचं काही न बोलता म्हणायचा, "लाव." दादा चौथं गाणं लावायचा. तीन फेऱ्या जायच्या. चौथी आली की बिरदेवचा श्वास अडकायचा. सहा. आणि गाणं पुढे.

"न्हाय न्हवं?" बिरदेव विचारायचा.

"न्हाय," दादा म्हणायचा.

मग तो चहा प्यायचा आणि जायचा. दर वेळी हेच. न्यायाधीशासमोर उभं राहून आपण निर्दोष आहोत हे पुन्हा एकदा ऐकून जावं, तसा तो यायचा. मला त्याचा राग यायचा आणि तो निघाला की त्याच्या पाठीकडे बघून रडूही यायचं.

मी तोवर डी.एड.ला बारामतीत होते. अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात एका दुपारी एसटी स्टँडजवळच्या कॅसेटच्या दुकानात शिरले. एका खोक्यात जुना, न खपलेला माल टाकलेला. सिनेमाच्या, आरत्यांच्या कॅसेटच्या खाली मला ते नाव दिसलं. निळ्या शाईतलं नव्हे, छापलेलं. कंपनीनं काढलेली अस्सल कॅसेट, वर चित्र, आत घडीचा कागद आणि त्यावर सगळ्या गाण्यांचे शब्द. दादानं हे चित्र कधी पाहिलंच नव्हतं. वाटलं, ह्यानं तरी त्याच्या तोंडावर काही उमटेल. दुकानदारानं ती मला जवळजवळ फुकटच दिली, वर म्हणाला, "ताई, हे कोण ऐकतं?"

हॉस्टेलवर माझी रूममेट प्रियदर्शनी, तिच्याकडे टेप होता. दादाला द्यायच्या आधी नीट वाजते का बघावी म्हणून लावली. आणि सवयीनं चौथं गाणं आल्यावर मांडीवर ठोके धरले. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. चौथीत सहा झाले आणि मी पुढे उडी मारायला तयार.

सातवा ठोका आला. झांजेवर स्वच्छ, भरदार. मग गाणं पुढे गेलं.

मी मागे घेऊन परत लावलं. परत आला. इतक्यांदा लावलं की प्रियदर्शनी पुस्तकातून डोकं काढून म्हणाली, "अगं, बिघडलीय का ती कॅसेट?"

"नाही," मी म्हटलं. "चांगली आहे."

आणि मग मला ती दुपार आठवली. दादा पुण्याहून आल्याचा दुसरा दिवस, त्यानं कॅसेट अजून चौथ्या गाण्यापर्यंत ऐकलीही नव्हती, आणि तो बाहेर गेला होता. पोरानं काय आणलंय बघावं म्हणून आबांनी कॅसेट लावली आणि आमच्या म्हाताऱ्या टेपनं ती खाल्ली. फीत चुरगळून आतल्या चाकात अडकली. आबांचा चेहरा पांढरा पडला. आबा एसटीच्या आगारात टायरचं काम करायचे आणि घरात छत्री, चप्पल, बादली, काहीही फुटलं तरी स्वतः सांधायचे. त्यांनी दाढीचं पातं घेतलं, चुरगळलेला तुकडा कापून टाकला, बोटाच्या पेराएवढा असेल, आणि दोन टोकं सेलोटेपनं जोडली. जीभ दातांत धरून, श्वास रोखून. सांधा असा बसला की हात फिरवून कळू नये. मला म्हणाले, "सुमितला सांगू नगं. उगं जिवाला लावून घील." मी सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं? कॅसेटच्या पलीकडच्या बाजूचाही तेवढाच तुकडा गेला, पण तिथं नुसता लांबलचक सूर होता, तो कुणाला कळलाच नाही. आणि ह्या बाजूला गेला तो सातवा ठोका.

म्हणजे त्या बँडनं काहीही गिळलं नव्हतं. काळीज बिळीज काही नव्हतं. माझ्या बापानं मुलावरच्या मायेनं दाढीच्या पात्यानं कापलेली जागा होती ती, आणि माझ्या भावानं चार वर्षं तिची पूजा केली आणि तिच्यावर तीन बोटं वाहिली.

मी रात्रभर विचार केला, आणि शेवटी मला वाटलं की सांगायला हवं. दादा स्वतःला नालायक म्हणवून घेत पाण्याच्या कडेला जाऊन बसत होता. ज्या ठोक्यासाठी तो स्वतःला जाळत होता तो ठोका गाण्यात आहे, हे कळलं तर त्याच्या मनावरचं ओझं उतरेल असं वाटलं. आबांचं नाव मी घेणार नव्हते. मावसभावाच्या मशीननं भरताना खाल्ला असेल, असं सांगणार होते. रविवारी सकाळच्या एसटीनं निघाले. भवानीनगरपाशी उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत गाडी रखडली, आणि मी मांडीवरच्या पिशवीत हात घालून कॅसेट चाचपत बसले.

घरी दादा एकटाच होता. आई बाजाराला, आबा विहारात मीटिंगला. मी कॅसेट त्याच्या पुढ्यात ठेवली. तो बघतच राहिला. मग डाव्या हातानं वेष्टनावरचं चित्र हळूहळू पुसलं, धूळ नव्हती तरी.

"कुठं घावली गं?" त्यानं विचारलं.

त्यानं ती लावली. पहिल्या गाण्यापासून. मी त्याचं तोंड बघत होते. तो हसत होता. वर्षाभरानं. "ऐक, ऐक," तो म्हणाला, "मागं घंटी वाजतीय बघ बारीक. आपल्यात ऐकूच येत नव्हती. आनि हे बोट घसारतंय तारंवर, आलं का ऐकू?" प्रत्येक वाद्य सुटं सुटं ऐकू येत होतं. त्यानं घडीचा कागद मांडीवर पसरला, आणि बुडालेल्या गावाच्या गाण्याला शब्द वाचत वाचत चक्क गायला लागला. क्षणभर मला वाटलं, पुढचं गाणं यायच्या आत लाइट जावी.

चौथं गाणं आलं. त्याचा डावा हात गुडघ्यावर पडायला लागला. तीन फेऱ्या. चौथी.

हात हवेतच राहिला.

त्यानं मागे घेतलं, परत ऐकलं. आणखी एकदा. मी तयार ठेवलेलं वाक्य बोलले, "दादा, मला वाटतं त्या हॉस्टेलच्या मशीननंच भरताना..." त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. जुनी कॅसेट उचलली, पेन्सिल घालून फीत फिरवत नेली, मधून मधून बाहेर ओढून उजेडात धरली. दोनच बोटं उरलेल्या हातानं कॅसेट छातीशी दाबून तो हे करत होता. आणि मग ते दिसलं. पिवळा पडलेला सेलोटेप, नखाएवढा.

"कुनी?" त्यानं विचारलं.

आणि नेमके तेव्हाच आबा दारात आले. चपला काढता काढता त्यांनी दादाच्या हातातली ओढलेली फीत पाहिली, पुढ्यातलं नवं वेष्टन पाहिलं, आणि त्यांचं तोंड खुललं. पोरगा कशात तरी रमलाय एवढंच त्यांना दिसलं.

"घावला का सांधा?" आबा हसून म्हणाले. "आता सांगाय हरकत न्हाय. तू पुन्यासनं आनली आनि म्या दुसऱ्याच दिशी लावून तोडली बघ. मंग म्याच जोडली, पात्यानं कापून. ह्या पोरीला इचार. चार वर्सं वाजतीय, तुला पत्त्या बी लागला न्हाय! तुजा बा काय कमी कारागीर हाय व्हय?"

मी दादाकडे बघू शकत नव्हते. आबा वाट बघत उभे होते, शाबासकीची वाट बघणाऱ्या पोरासारखे. ह्या वर्षभरात त्यांनी मुलाला मलमपट्टी केली होती, भरवलं होतं, दाराला खाट टाकून राखलं होतं. ठोका म्हणजे काय, फेरी म्हणजे काय, हे त्यांना कधीच कळलं नव्हतं. सगळा आवाज त्यांना सारखाच.

"लई ब्येस जोडलीय, आबा," दादा म्हणाला. "खरंच कळलं न्हाय."

आबा खुशीत हातपाय धुवायला मागे गेले.

दादानं पेन्सिलीनं फीत परत आत गुंडाळली. सावकाश, पीळ पडू न देता. मग नवी कॅसेट टेपमधून काढून डबीत घातली, घडीचा कागद होता तसा दुमडला, आणि डबी माझ्या हातात दिली. "बारामतीला घेऊन जा. हितं ठिवू नगं."

"आबांना न्हाय सांगायचं, कळलं मला," मी कुजबुजले. "पन बिरदेवला तरी सांगू. त्यो तरी मोकळा हुईल."

"मोकळा?" दादानं माझ्याकडे असं पाहिलं की मला आपण लहान असल्यासारखं वाटलं. "गान्यात ठोका न्हाय म्हनून त्यो जगतोय. ठोका हाय म्हटल्यावर मंग त्येनं पॅडल आधी दाबलं. मंग माजी बोटं कुनी घेतली, सांग की?"

मला हे सुचलंच नव्हतं. डी.एड. करून मी हा विचार केला होता! मला वाटलं होतं मी औषध घेऊन आलेय.

"आनि तू?" मी विचारलं. "तुजं काय, दादा?"

"माजं काय? म्या चुकलो हाय. त्ये तसंच ऱ्हाऊ दे. कुनाच्या तरी नावावर ऱ्हायाच पायजे." मग डबीकडे न बघता म्हणाला, "लई भारी हाय गं ती. पुरी हाय. आपन फाटकी ऐकत हुतो."

मी रडले. तो रडला नाही.

दुपारी सायकलची घंटी वाजली. बिरदेव आला, उंबऱ्यावर बसला. अंगाला मेंढरांचा वास, डोळे आत गेलेले. आज आबाही खाटेवर येऊन बसले, आपण जोडलेली कॅसेट ऐकायला. मी डबी ओढणीखाली धरून चुलीशी उभी राहिले.

"लाव," बिरदेव म्हणाला.

दादानं जुनी कॅसेट लावली. सकाळच्या त्या लख्ख आवाजानंतर ती मडक्यात तोंड घालून वाजवल्यासारखी ऐकू येत होती. दादाचा डावा हात गुडघ्यावर, बिरदेवचा मांडीवर. पहिली फेरी, दुसरी, तिसरी, दोन्ही हात एकदम पडत होते. चौथी आली. पाच. सहा. गाणं पुढे उडालं, बिरदेवचा हात त्याच्याबरोबर उडाला.

दादाचा हात मात्र सातव्यावर पडला. एकटाच, गुडघ्यावर, चांगला वाजला.

बिरदेवनं चमकून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "सुमित? तितं ठोका न्हाय न्हवं?"

टेप चालू होता. आबा खाटेवर मान डोलावत होते. मी ओढणीखालची डबी इतकी आवळून धरली होती की कडा तळहाताला रुतत होती.

"न्हाय," दादा म्हणाला. "न्हाय रं. म्याच परत चुकलो."

बिरदेवनं श्वास सोडला. मग पुढे सरकून त्यानं दादाचा तो डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि गुडघ्यावर हळूहळू ठोके देत त्याला सहा मोजायला शिकवू लागला.